मागच्या चाकांवर चालणारी मस्टँग आणि न्यू जर्सीचा हिवाळा: बारमाही टायर कोणते घ्यावेत?

पाचलिटरी

मंडळी, सप्टेंबरात एक वापरलेली फोर्ड मस्टँग जीटी घेतली. २०१९ चं मॉडेल, मॅन्युअल गिअर, परफॉर्मन्स पॅकेजवाली. बरीच वर्षं डोक्यात होती, आता हप्ता झेपतोय म्हणून घेऊन टाकली. ४६० हॉर्सपॉवर, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांवर. टायर समर, म्हणजे उन्हाळ्यासाठीचे आहेत, मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस. पुढे २५५/४०-१९, मागे २७५/४०-१९ (रुंदी मिमीत, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). मागचे जवळजवळ संपले आहेत, त्यामुळे खर्च काही टळत नाही.

राहणं एडिसनला, ऑफिस पार्सिपनीला, म्हणजे येऊनजाऊन २८७ हायवे. अपार्टमेंट आहे, गॅरेज नाही, तळघर नाही. चार जास्तीची चाकं ठेवायची तर हॉलमध्ये सोफा काढून ठेवावी लागतील, आणि त्याला घरून परवानगी नाही.

तर प्रश्न असा: वर्षभर चालतील असे परफॉर्मन्स ऑल सीझन टायर घ्यावेत, की विंटरचा वेगळा सेट घेतल्याशिवाय गत्यंतर नाही? मिशलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ आणि कॉन्टिनेंटलचा डीडब्ल्यूएस ०६ प्लस, या दोघांत घोडं अडलंय. "मस्टँग हिवाळ्यात चालवूच नका" एवढा सल्ला सोडून बाकी सगळं ऐकायची तयारी आहे.

तिरकसराव

मस्टँग हिवाळ्यात चालवूच नका.

गोटाटायर

पुण्याहून हजेरी. आमच्याकडे टायरचे दोनच ऋतू: नक्षी आहे तोवर, आणि नक्षी गेल्यावर. सविस्तर प्रतिसाद जाणकार देतील, मी चहा घेऊन बसलोय.

टोरांटोकर

बारमाही टायर म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. उन्हाळ्यात समरइतके पकडत नाहीत, हिवाळ्यात विंटरइतके थांबत नाहीत. मी इथे मागच्या चाकांवर चालणारी गाडी कितीतरी हिवाळे चालवतोय आणि नोव्हेंबर लागला की विंटर टायर चढतात, त्यात चर्चा नाही. शेजारच्या क्वेबेकमध्ये तर कायदाच आहे, १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे. आमच्या ऑन्टारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायरसाठी सवलत द्यावी लागते. विमावाले कारणाशिवाय एक डॉलरही सोडत नाहीत, यावरून काय ते ओळखा.

४६० हॉर्सपॉवर मागच्या चाकांवर आणि खाली ऑल सीझन? शुभेच्छा.

सासुरवाडी_इझलिन

टोरांटोकर, टोरांटोचा हिवाळा एडिसनला लावू नका हो. मी या भागात खूप वर्षं आहे. इथे मोठा स्नो पडला की रात्रभर स्नो बाजूला काढणारे प्लाऊ फिरतात, मीठ पडतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी २८७ काळाभोर कोरडा. गल्लीबोळ आणि अपार्टमेंटचे पार्किंग लॉट तेवढे रखडतात. खऱ्या अर्थानं रस्त्यावर स्नो असताना गाडी काढावीच लागते असे दिवस एका हिवाळ्यात मोजकेच. काही वर्षी तर एकही नाही.

पण पाचलिटरी, म्हणून समर टायर चालतील असं समजू नका. स्नो सोडा, तुमचा वैरी वेगळाच आहे. डिसेंबरात सकाळी साडेसातला, लख्ख ऊन, कोरडा रस्ता, तापमान शून्याच्या आसपास. तुम्ही रूट २७ वरून निघता, टायर थंडगार आहेत, आणि २८७ च्या गोल रॅम्पवर दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबता. तिथे गाडीची शेपूट फिरते. स्नोमध्ये माणूस आपोआप सांभाळून चालवतो. कोरड्या रस्त्यावर कोण सांभाळतो?

रबरशास्त्री

वरच्या प्रतिसादाला +१०. नोकरी टायरच्याच धंद्यातली, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये, तेव्हा थोडं तपशिलात लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी थेट गोटाटायर यांच्या पुढच्या प्रतिसादाकडे जावं.

टायरची पकड मुख्यतः रबराच्या मिश्रणावर ठरते, नक्षी त्यानंतर येते. रस्त्याच्या बारीक खडबडीत रबर शिरतं, तिथे दबतं, आणि त्या दबण्यात ऊर्जा खर्च होते. ती खर्च झालेली ऊर्जा म्हणजेच पकड. त्यासाठी रबर मऊ राहायला हवं. प्रत्येक मिश्रणाला एक तापमान असतं, त्याच्या जवळ गेलं की ते काचेसारखं कडक व्हायला लागतं. समर टायरचं मिश्रण तापलेल्या रस्त्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे त्याचं हे तापमान वरच्या बाजूला असतं. साजूक तूप थिजतं तसंच समजा, एका क्षणात दगड होत नाही, पण घट्ट होत जातं. विंटर टायरचं मिश्रण खूप खालपर्यंत मऊ राहतं, आणि म्हणूनच जुलैच्या उन्हात ते डांबरावर घासून संपतं. ऑल सीझन मध्ये कुठेतरी.

व्यवहारात दोन आकडे लक्षात ठेवा. अधिक ७ सेल्सियस, म्हणजे ४५ फॅरनहाइट: याच्या खाली समर टायरची पकड जाणवण्याइतकी उतरायला लागते. आणि उणे ७, म्हणजे साधारण २० फॅरनहाइट: याच्या खाली अति-परफॉर्मन्स समर टायर लावलेली गाडी हलवूसुद्धा नका, कारण थिजलेलं रबर वाकताना त्याला चिरा पडू शकतात. उत्पादक हे स्पष्ट बजावतात, आणि अशा चिरा सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

आता तुम्ही एक काम करा. टायरच्या कडेला डीओटी (अमेरिकेचं वाहतूक खातं) या अक्षरांपासून सुरू होणारा क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या टायरचे आकडे इथे लिहा. वापरलेली गाडी आहे म्हणून विचारतोय.

गोटाटायर

शास्त्रीबुवा, तुपाचं पटलं. आमच्याकडे जानेवारीत खोबरेल थिजतं, टायर मात्र तसाच. तस्मात पुण्यात समर टायर हेच बारमाही टायर. सिद्धांत पूर्ण.

तिरकसराव

पुण्यात खोबरेल थिजतं हे आधी सिद्ध करा. हल्ली नाही थिजत.

गोटाटायर

पाषाणला या डिसेंबरात, बाटली दाखवतो.

पाचलिटरी

शास्त्रीबुवा, पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन आडवा झालो, शेजारीण विचारत होती काय हरवलं म्हणून. मागच्या दोन्हींवर १२२२ आहे. पुढच्या दोन्हींवर ४११८.

रबरशास्त्री

म्हणजे मागचे २०२२ च्या बाराव्या आठवड्यातले आणि पुढचे २०१८ च्या एकेचाळिसाव्या. पुढचे गाडीबरोबर आलेलेच दिसतात. फोर्डचं स्वतःचंच म्हणणं आहे की नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनी टायर बदला. तुमचे पुढचे ती मर्यादा ओलांडून बसलेत. सबब चारही नवे. मागे दोन ऑल सीझन आणि पुढे जुने समर, असा काटकसरीचा विचार मनात आला असेल तर तो इथेच सोडा. दोन टोकांना दोन जातीचे टायर असले की थंडीत एक टोक पकडतं आणि दुसरं सोडतं. गाडी कुठे जाणार ते मग तुमच्या हातात राहत नाही.

बॅटरीगल्ली

डॅलसवरून. माझा सल्ला सरळ आहे: विका आणि ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांवर चालणारी, घ्या. एवढा खटाटोप कशाला?

पाचलिटरी

कोणती घेऊ? फोर्ड मस्टँग ऑल व्हीलमध्ये देत नाही. देते ती मस्टँग मॅक-ई, ती बॅटरीवर चालते आणि तिला चार दारं आहेत. नावात मस्टँग आहे एवढंच साम्य.

तिरकसराव

डॉजची चॅलेंजर ऑल व्हीलमध्ये मिळायची की, जीटी नावाची. फक्त व्ही६ इंजिनात. म्हणजे घोडा मिळाला, पण शाकाहारी.

इसारकाठची

म्युनिकहून लिहितेय. ऑल व्हील ड्राइव्हबद्दल एक गैरसमज इथेही सर्रास दिसतो. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली तर गाडी जागेवरून निघते चांगली. थांबताना ब्रेक कुठल्याही गाडीत चारही चाकांनाच लागतात. वळतानाही पकड टायरचीच. समर टायरवरची महागडी ऑल व्हील एसयूव्ही हिवाळ्यात आल्प्सच्या रस्त्याकडेच्या बर्फात रुतलेली दर वर्षी बघते, शेजारून विंटर टायर लावलेली जुनी मागच्या चाकांची बीएमडब्ल्यू शांतपणे निघून जाते.

आमच्याकडचा कायदा इथे उपयोगी पडेल म्हणून सांगते. जर्मनीत तारखेप्रमाणे सक्ती नाही, परिस्थितीप्रमाणे आहे. रस्त्यावर स्नो, चिखलस्नो, ब्लॅक आइस (न दिसणारा पातळ बर्फ) किंवा दहिवराचा निसरडा थर असेल तर योग्य टायर हवेच, नाहीतर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला ठेवल्या जाणाऱ्या चालकांच्या दोषनोंदीत एक पॉइंट. आणि योग्य म्हणजे कोणते? १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त ज्यांच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चिन्ह आहे तेच. त्याआधी २०१७ पर्यंत बनवलेले नुसतं एम+एस लिहिलेले टायरही चालायचे, ते बंद झालं. ज्या बारमाही टायरवर डोंगराचं चिन्ह आहे ते मात्र कायदेशीर आहेत, आणि शहरात राहणारे बरेच लोक आता तेच घेतात.

माझ्याकडे २३०आय कूपे आहे, मागच्या चाकांची. मी दोन सेट ठेवते. इथली पद्धत आहे, ऑक्टोबर ते ईस्टर विंटर. जागेचा प्रश्न इथे टायरवालेच सोडवतात: तुमचा दुसरा सेट सहा महिने त्यांच्या गोदामात, चाकं धुऊन, नावाची चिठ्ठी लावून. तुमच्याकडे अशी सोय आहे का ते बघा. आणि दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं तसं नसतं. एक वापरात असताना दुसरा झिजत नाही. जास्तीचा खर्च येतो तो रिमांचा, अदलाबदलीचा आणि गोदामाच्या भाड्याचा.

टोरांटोकर

हेच तर मी म्हणत होतो, फक्त ताईंनी गोड शब्दांत सांगितलं.

सासुरवाडी_इझलिन

सोय आहे, पण मोजक्या ठिकाणी. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अपॉइंटमेंट मिळवणं म्हणजे दिवाळीत शिंप्याकडे जाणं.

अजून एक. पाचलिटरी विंटरसाठी १८ इंची रिम घ्यायला जातील. साधा विचार तोच असतो, लहान रिम, अरुंद टायर, स्वस्तात काम. साध्या जीटीला २३५/५०-१८ चारही बाजूंना येतात आणि त्यांचा व्यासही जुळतो. पण परफॉर्मन्स पॅकेजला पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो कंपनीचे ब्रेक आहेत आणि ३८० मिलिमीटरची डिस्क. त्यावर प्रत्येक १८ इंची रिम बसत नाही. बसते का ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

हिशेबतपासनीस

व्यास जुळतो म्हणालात म्हणून गणित करून बघितलं, राहवलं नाही. २५५/४०-१९ चा व्यास सुमारे ६८७ मिमी, २७५/४०-१९ चा ७०३, आणि २३५/५०-१८ चा ६९२. बरोबर मध्ये येतो. स्पीडोमीटरला फरक पडणार नाही म्हणण्याइतका कमी. सासुरवाडी, मानलं.

चिंचोळी

मी गाडीतली जाणकार नाही, पण नवरा असाच गाडीवेडा आहे म्हणून विचारते. ते एम+एस आणि डोंगर यात फरक काय? आमच्या टायरवर एम+एस आहे आणि नवरा म्हणतो झालं काम.

रबरशास्त्री

चिंचोळी, चांगला प्रश्न. एम+एस म्हणजे चिखल आणि स्नो, पण तो शिक्का मिळतो नक्षीच्या भूमितीवरून. खाचा अमुक एवढ्या, कडा अशा कापलेल्या, की शिक्का मिळाला. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. डोंगराच्या चिन्हासाठी द्यावी लागते. अमेरिकेत ती दाबून घट्ट केलेल्या स्नोवर होते, आणि ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त रेटा मिळाला तरच चिन्ह मिळतं.

पण डोंगर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. ती परीक्षा गाडी पुढे ढकलण्याची आहे. वळणाची नाही, आणि ब्लॅक आइसची तर नाहीच. विंटर टायर आणि डोंगरवाला ऑल सीझन दोघंही ही परीक्षा पास होतात, एक काठावर, एक विशेष प्रावीण्यात, चिन्ह मात्र एकच.

आता मूळ प्रश्नाकडे. पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ वर डोंगर आहे. डीडब्ल्यूएस ०६ प्लसवर नाही, एम+एस आहे. तरी दुसऱ्याला मोडीत काढू नका, ओल्या थंड रस्त्यावर तो उत्तम आहे आणि सहसा स्वस्त मिळतो. वॉरंटी मिशलिनची ४५ हजार मैल, कॉन्टिनेंटलची ५० हजार. मात्र तुमच्या गाडीत पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे आहेत, म्हणजे पुढून मागे फिरवता येत नाहीत. अशा वेळी मागच्यांची मैलांची वॉरंटी सहसा निम्म्यावर येते. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

कॉन्टिनेंटलची एक गंमत आवडते मला. टायरच्या नक्षीत डी, डब्ल्यू, एस अशी तीन अक्षरं कोरलेली असतात, ड्राय, वेट, स्नो. झिजता झिजता आधी एस पुसलं जातं, म्हणजे आता स्नोमध्ये नेऊ नका. मग डब्ल्यू. नाणं घालून खोली मोजायची गरज नाही.

गोटाटायर

आमच्याकडे असे टायर आले तर लोक तीन अक्षरं गेल्यावर रिमोल्ड करून परत डी कोरून घेतील.

अनुभवी_आजोबा

तुमची मागच्या चाकांची चर्चा वाचून हसू आलं. मी उमेदीच्या काळात प्रीमियर पद्मिनी चालवायचो. तीही मागच्या चाकांवरचीच. मुंबईच्या काळ्यापिवळ्या सगळ्या त्याच. जुलैत हिंदमातापाशी पाणी, टायर पार गोटा झालेले, आणि आमचे टॅक्सीवाले तिसऱ्या गिअरमध्ये पुढे. घसरल्या असतील, पण ४६० हॉर्सपॉवर कोणाकडे होती? एवढी तर आख्ख्या स्टँडवर मिळून नसेल.

तिरकसराव

आजोबा, दंडवत. पद्मिनीचा शेवटचा काळापिवळा २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेला. त्याच्या टायरवर डोंगराचं चिन्ह होतं का, हा शोधाचा विषय आहे.

हिशेबतपासनीस

आजोबांच्या मुद्द्यात तथ्य आहे बरं. पद्मिनीचा साधा टायर अरुंद होता. पाण्यावर तरंगण्यात रुंदी वाईट. २७५ रुंदीचा टायर, वर नक्षी कमी, म्हणजे हायवेवर साचलेल्या पाण्यात ती गाडी होडी होते. पाचलिटरी, तुमचे मागचे "जवळजवळ संपलेत" म्हणालात. स्नो येईल तेव्हा येईल, आत्ताचा डिसेंबरातला पाऊस जास्त धोक्याचा आहे. बहुतेक राज्यांत कायद्यानं २/३२ इंच नक्षी पुरते. पावसात ४/३२ च्या खाली मी हायवेला जात नाही.

बॅटरीगल्ली

विका म्हटल्यावर धागाकर्ते रुसले वाटतं. हलके घ्या. आता नीट सांगतो. डॅलसमध्ये माझ्या मित्राकडे अशीच मस्टँग आहे, बारा महिने समर टायर. त्याला फरक पडत नाही, कारण इथे स्नो पडला की गाव आपोआप बंद. २०२१ च्या फेब्रुवारीत तर वीजच नव्हती, गाडी काढून जाणार कुठे? म्हणून विचारतो, पाचलिटरी, तुमच्याकडे स्नोच्या दिवशी घरून काम करता येतं का? घरात दुसरी गाडी आहे का? यावर सगळं ठरेल.

पाचलिटरी

रुसलो नाही हो, कामात होतो. दुसरी गाडी आहे, सुबारू फॉरेस्टर. पण बायको हॉस्पिटलमध्ये आहे, स्नो असो वा वादळ, तिची शिफ्ट असते, आणि त्या दिवशी फॉरेस्टर तिचीच. मला आठवड्यात तीन दिवस ऑफिस. स्नो असेल तर दिवस बदलून घेता येतो, मॅनेजर बरा आहे.

टोरांटोकर

अहो महाराज, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! इतका वेळ आम्ही तुम्हाला रोज स्नोमधून २८७ वर ढकलतोय.

मग माझं मत बदललं. तुमच्यासाठी ऑल सीझन ठीक. पण आता दुसरा प्रश्न: फॉरेस्टरला कोणते टायर आहेत?

पाचलिटरी

गाडीबरोबर आले तेच. एम+एस.

इसारकाठची

मग विंटर टायर घ्यायचेच असतील तर फॉरेस्टरला घ्या. ती गाडी सर्वांत वाईट दिवशी रस्त्यावर असते. मस्टँग त्या दिवशी पार्किंगमध्ये उभी. इतके प्रतिसाद कोणाच्या टायरवर खर्च झाले बघा.

चिंचोळी

ताई, याला म्हणतात मुद्दा. माझ्या नवऱ्याला हा प्रतिसाद छापून देतेय.

तिरकसराव

धागाकर्त्यांच्या घरी हा धागा वाचला जात असेल तर मस्टँगचे टायर आता मार्चपर्यंत विसरा.

पाचलिटरी

वाचला जातोय. वाचला गेलाय. फॉरेस्टरचे विंटर टायर आधी, हे ठरलं. चार रिमांसकट. सोफ्याचा प्रश्नही अचानक सुटला, फॉरेस्टरची चाकं असतील तर हॉलमध्ये चालतील असं कळलं.

गोटाटायर

जबरदस्त! वाचनखूण साठवली आहे.

ह्यूस्टनवाला

मध्येच घुसतो. मिशलिनच्या क्रॉसक्लायमेट २ चं नाव कोणीच कसं घेतलं नाही? बारमाहीत सगळे त्याचंच कौतुक करतात.

रबरशास्त्री

कौतुक रास्त आहे. डोंगर आहे, स्नोमध्ये ऑल सीझनच्या मानानं फार पुढे, साठ हजार मैलांची वॉरंटी. कॅम्री, अकॉर्ड, फॉरेस्टर यांना मी डोळे झाकून सुचवतो. पण तो साध्या प्रवासाच्या गाड्यांचा टायर आहे. मस्टँगमध्ये त्याचं स्टिअरिंग आळसावल्यासारखं वाटेल. शिवाय त्याची नक्षी एका दिशेची, व्ही आकाराची. वेगळ्या मापाच्या टायरांत ती आली की पुढे-मागेही फिरवता येत नाही आणि डावी-उजवीही नाही, रिमवरून उतरवल्याशिवाय. मागच्या मापात तो मिळेल का हाही प्रश्नच.

तुलनेसाठी, भारतीय मालकीचा पर्याय हवा असेल तर व्रेडेस्टाइनचे ऑल सीझन बघा. कंपनी मूळची डच, २००९ पासून अपोलोची. ऑल सीझनमध्ये मुरलेले लोक आहेत.

अनुभवी_आजोबा

अपोलो म्हणजे आपली ट्रकच्या टायरची? छान. कधी अ‍ॅम्स्टरडॅमला गेली कळलंच नाही.

सासुरवाडी_इझलिन

पाचलिटरी, आता तुमच्या गाडीचं. आधी वाळूच्या पोत्याचा सल्ला कोणी द्यायच्या आत सांगते. डिकीत वजन टाकायची पद्धत जुन्या पिकअपची, त्यांची मागची बाजू रिकामीच असते. मस्टँगमध्ये पुढे-मागे वजन जवळजवळ सारखंच आहे, पोत्यानं विशेष साधत नाही. आणि ब्रेक मारल्यावर पोतं सीटच्या पाठीवर येतं ते वेगळंच. त्यापेक्षा गाडीत स्नो-वेट मोड आहे तो लावा, सुटताना दुसरा गिअर टाका, आणि घसरायला लागली की क्लच दाबा. गॅसवरून पाय झटकन काढला तरी इंजिनच्या ब्रेकनं मागची चाकं अडतात. मॅन्युअलवाल्यांना हे कोणी सांगत नाही.

हवा बघत जा. तापमान दहा फॅरनहाइटनं उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयनं कमी होतो. सप्टेंबरात भरलेली हवा डिसेंबरात चार-पाचनं कमी दिसेल. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की लोक पंक्चर शोधत बसतात.

पाचलिटरी

सगळ्यांचे आभार. निर्णय: पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४, चारही, मूळ मापात. पुढचं आणि मागचं दोन्ही माप उपलब्ध आहे, बघून घेतलं. डीडब्ल्यूएस थोडा स्वस्त पडत होता, पण कधी ऑफिसात असताना दुपारी अचानक स्नो सुरू झाला तर घरी यायचंय, आणि त्यासाठी मला डोंगराचं चिन्ह हवं. समर टायरची उन्हाळ्यातली मजा जाईल हे कबूल. ट्रॅकवर मी जात नाही, आणि २८७ वर सकाळी तसंही चाळीसनं सरकतो.

शनिवारी सकाळी आठची वेळ मिळालीय दुकानात. पण हवामान खातं शुक्रवारी रात्री १७ फॅरनहाइट दाखवतंय. शास्त्रीबुवा, तुमच्या उणे ७ च्या नियमात मी बसतो का?

हिशेबतपासनीस

१७ म्हणजे उणे ८.३. बसत नाही.

रबरशास्त्री

सकाळी आठला नकोच. फोन करून दुपारची वेळ मागा, ऊन येऊन तापमान तीस फॅरनहाइटच्या वर गेल्यावर निघा. तेव्हाही दुकानापर्यंत आरामात, रॅम्पवर शौर्य नको. नवीन टायर बसले की पहिले चारपाचशे मैल सबुरीनं चालवा, साच्यातून सुटण्यासाठी लावलेला बुळबुळीत थर त्यांच्यावर असतो. नट हातानं टॉर्क रेंचनं घट्ट करायला सांगा, मस्टँगला १५० फूट-पाउंड लागतात, आणि पन्नासशंभर मैलांनी परत तपासून घ्या. एअर गन लावून नुसते धडधडवत असतील तर थांबवा.

पाचलिटरी

दुपारी अडीचची मिळाली. फॉरेस्टरही त्याच वेळी नेतोय.